मधली तेवीस वर्षं

“अगं, परत येतो तो.”

एवढंच वाक्य. आमच्या कॉमिक्सवेड्यांच्या टोळक्यात ‘सध्या काय वाचताय?’ची फेरी चालली होती. ही फेरी नेहमीचीच. जो तो आपापल्या चालू मालिका सांगतो, बाकीचे नाकं मुरडतात नाहीतर माना डोलावतात, आणि मग कुणीतरी कुठल्यातरी अंकातल्या एका चौकटीवरून वाद उकरून काढतं. या वेळी फेरी एका नव्या मुलीपाशी आली. ती या वेडात नुकतीच पडलेली, आणि कुणाचंही न ऐकता तिनं थेट डीसी कंपनीच्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ला हात घातला होता. बारा अंक, शेकडो पात्रं, एकामागून एक पुसली जाणारी विश्वं. निम्म्या मंडळींची नावंसुद्धा तिला ठाऊक नव्हती, तरी ती नेटानं वाचत गेली होती. सातव्या अंकात सुपरगर्ल गेली. ते तिनं कसंबसं पचवलं. मग आठव्यात बॅरी ॲलन, म्हणजे विजेच्या वेगानं धावणारा नायक फ्लॅश, धावत सुटतो, धावता धावता त्याचा चेहरा सुकत जातो, गाल आत जातात, शरीर झिजत झिजत नाहीसं होतं आणि मागे उरतो तो रिकामा लाल पोशाख. “ताई, मला त्याचं आधीचं काहीच माहीत नव्हतं, तरी पुढचा अंक उघडवेना,” असं ती मला सांगत होती आणि तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात जाणत्या गड्यानं ते वाक्य टाकलं.

“अच्छा,” ती म्हणाली. तिला आणखी काही सांगायचं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण फेरी पुढे सरकली.

तो माणूस दुष्ट मुळीच नाही. उलट त्याला तिचं सांत्वनच करायचं होतं, आणि थोडीशी आपली विद्वत्ताही दाखवायची होती. या दोन गोष्टी आमच्या जमातीत एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतात की कुठली कुठे संपते ते आम्हालाही सांगता येत नाही. शिवाय माहिती अचूक होती. बॅरी परत येतो. १९८५ साली गेलेला बॅरी २००८ साली परत आला, आणि तेव्हापासून तो ठणठणीत आहे. मला टोचत राहिलं ते वेगळंच. त्या वाक्यात मधली तेवीस वर्षं कुठे गेली?

आधी त्या फेरीबद्दल थोडं. ‘सध्या काय वाचताय’ला आम्ही जी उत्तरं देतो त्यांची एक ठरलेली चाल आहे. पहिलं नाव घ्यायचं ते चालू महा-इव्हेंटचं, म्हणजे सगळ्या नायकांना एकत्र ओढणाऱ्या मोठ्या गोष्टीचं, कारण ते न वाचणं म्हणजे गावजेवणाला न जाणं. त्यापाठोपाठ त्याला शिव्या. ‘मधला भाग रेंगाळलाय’, ‘टाय-इन अंकांचा नुसता पाऊस’ (टाय-इन म्हणजे इव्हेंटला जोडलेले इतर मालिकांचे अंक), ‘शेवटी सगळं जैसे थे होणार’. आणि मग, आवाज थोडा खाली आणून, जे खरं वाचतोय त्याचं नाव. ते बहुधा एखाद्या दुय्यम पात्राचं, कमी खपाचं, कधीही बंद पडेल असं काहीतरी असतं. शिव्या देतानाचा उत्साह मात्र पाहण्यासारखा असतो. इव्हेंटमध्ये कुणाचं काय चुकलं हे सांगताना आमचे डोळे चमकतात. हाही फार जुना रोग आहे. साठच्या दशकातच मार्व्हलचे वाचक चुका पकडून पत्रं पाठवायचे, आणि त्या चुकीचं पटण्यासारखं स्पष्टीकरणही स्वतःच शोधून दिलं तर स्टॅन ली त्यांना ‘नो-प्राइझ’ धाडायचे, म्हणजे एक रिकामं पाकीट. ‘क्रायसिस’चं मूळही अशाच एका खोडीत आहे. १९८१ साली ‘ग्रीन लँटर्न’च्या पत्रांच्या पानावर एका वाचकानं विचारलं होतं की जो माणूस ग्रीन लँटर्नला आधी भेटलेला आहे, तो आता त्याला ओळखत कसा नाही? तेव्हा ती मालिका लिहिणाऱ्या मार्व्ह वुल्फमनच्या डोक्यात तो प्रश्न राहिला. पुढे डीसीनं पीटर सँडरसनना आपल्या संग्रहातली जुनी कॉमिक्स एकामागून एक वाचून काढायला बसवलं, वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी सगळी विश्वं एकमेकांवर आदळवली आणि अनेक पृथ्व्यांची एकच पृथ्वी करून टाकली. एका वाचकाच्या किरकिरीतून एवढी उलथापालथ झालेली आहे. त्यामुळे आम्हाला किरकिरे म्हणणाऱ्यांनी जरा जपून.

आणि त्या उलथापालथीत बळी कुणाचा गेला, तर आमच्यातल्याच एकाचा. बॅरी ॲलन हा मुळात कॉमिक्सचा वाचक होता. १९५६ साली ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याच्या हातात जुन्या फ्लॅशचं, म्हणजे ‘जे गॅरिक’ या नायकाचं, कॉमिक असतं. पुढे त्याच्यावर वीज पडते, अंगात वेग येतो, आणि तो लहानपणापासूनच्या आपल्या आवडत्या नायकाचं नाव स्वतःला लावून टाकतो. १९६१ साली तर तो वेगाच्या जोरावर दुसऱ्या पृथ्वीवर पोचतो आणि जे गॅरिकला प्रत्यक्ष भेटतो. आमच्यापैकी प्रत्येकानं पाहिलेलं हे स्वप्न. वाचलेल्या पानात शिरायचं आणि तिथल्या माणसाचा हात हातात घ्यायचा. अनेक पृथ्व्यांची सगळी भानगड त्या एका भेटीतून सुरू झाली, आणि ती भानगड मिटवताना मेला तोही बॅरीच. वुल्फमननी हे मुद्दाम जुळवलं की आपसूक जुळलं, याच्याशी मला देणंघेणं नाही. जुळलंय छान.

तर ती तेवीस वर्षं. बॅरीच्या बायकोचा भाचा वॉली वेस्ट, जो आधी किड फ्लॅश होता, त्यानं काकाचा लाल पोशाख अंगावर चढवला. १९८७ साली त्याची स्वतःची मालिका निघाली तेव्हा वॉली काही फार गोड मुलगा नव्हता. चिडका, थोडा आपमतलबी, पहिल्याच अंकात लॉटरी लागलेला, आणि धावून झालं की ढीगभर खाणारा. पण तो महिन्यागणिक मोठा होत गेला. त्याच्याबरोबर वाचकही. जे पोर १९८७ मध्ये शाळेत होतं ते वॉलीचं लग्न होईतो नोकरीला लागलेलं होतं. अशा वाचकाला ‘फ्लॅश कोण?’ विचारलंत तर तो वॉलीचंच नाव घेणार; बॅरी म्हणजे त्याच्या लेखी भिंतीवरचा फोटो, ज्याच्यासमोर उभं राहून वॉली स्वतःला कमी समजतो. तो फोटो होता म्हणूनच वॉलीची गोष्ट होती.

१९९३ साली लेखक मार्क वेडनं या फोटोचा जो उपयोग केला तो मला आजही इव्हेंटवाल्यांच्या सगळ्या दणदणाटापेक्षा मोठा वाटतो. बॅरी परत येतो. दार वाजतं आणि तो उभा! सगळे आनंदानं वेडे होतात, वॉली तर सगळ्यात जास्त. आणि मग हळूहळू या बॅरीचं काहीतरी बिनसलेलं दिसायला लागतं. तो चिडतो, हेवा करतो, वॉलीला मरायला सोडून निघून जातो. शेवटी कळतं की हा बॅरी नाहीच. त्याचा जुना वैरी ईओबार्ड थॉन, बॅरी होण्याच्या वेडात स्वतःलाच विसरलेला. वॉली इतकी वर्षं मनातल्या मनात ब्रेक दाबून धावत होता, कारण काकाइतकं वेगानं धावलं तर काकाची जागा घेतल्यासारखं होईल आणि काका खरोखरच गेला असं होईल. त्या गोष्टीत तो ब्रेक सुटतो. हे अंक ज्यांनी तेव्हा दर महिन्याला घेतले त्यांचं काय झालं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. एक अख्खा महिना त्यांनी खरंच मानलं असणार की बॅरी परत आलाय. त्याच वर्षी सुपरमॅनही परतण्याच्या वाटेवर होता, म्हणजे हवाच तशी होती. आणि नंतर कळलं असणार की आपण मागितलेलं आपल्याला देऊन पुन्हा काढून घेतलंय. हे सगळं मी एका बैठकीत, सलग, संकलित पुस्तकात वाचलं. गोष्ट तीच, पानं तीच. तो महिना मात्र त्या पुस्तकात बांधलेला नाही.

सुपरमॅनचा विषय निघालाच आहे तर एक कारागिरी सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९२ चा तो मृत्यू म्हटला की लोकांना काळी पिशवी, दंडावर बांधायची काळी पट्टी, साठ लाखांच्या घरातला खप आणि गुंतवणूक म्हणून न उघडता ठेवलेल्या प्रती आठवतात. माझ्या लक्षात राहिल्यात त्यातल्या चौकटी. मृत्यूच्या आधीच्या अंकांमध्ये एका अंकात पानाला चार चौकटी, पुढच्यात तीन, त्याच्या पुढच्यात दोन, आणि पंच्याहत्तराव्या अंकात प्रत्येक पान म्हणजे एकच सबंध चित्र. पान उलटण्याचा वेग तुमच्या नकळत वाढत जातो. मारामारी अशी काही खास नाही, समोरचा राक्षस तर निव्वळ हाडांचा डोंगर. पण ती उलटी मोजणी बोटांना जाणवते. गंमत म्हणजे हे सगळं घडलं एका टीव्ही मालिकेमुळे. क्लार्क आणि लोइसचं लग्न तिच्यासाठी लांबणीवर टाकावं लागलं आणि वर्षभराच्या गोष्टीत भलंमोठं भगदाड पडलं. लेखकांच्या बैठकांमध्ये ‘मारून टाकूया त्याला’ ही थट्टा आधीपासूनच होती. या वेळी कुणी ती थट्टा म्हणून सोडून दिली नाही. मग अंत्ययात्रा, आणि त्यानंतर काही काळ सुपरमॅनच्या मालिकाच बंद. दर आठवड्याला कुठलंतरी सुपरमॅन हातात पडायची सवय असलेल्यांना हातात काहीच न पडणं, हा त्या गोष्टीचा भाग होता. तो कुठल्याही लेखकानं लिहिलेला नाही आणि कुठल्याही चित्रकारानं काढलेला नाही.

वर्षाच्या आत तो परत आला. लोक म्हणतात तिथेच सगळं फुकट गेलं, तेव्हापासून मरणाला किंमत उरली नाही. मला हे अर्धंच पटतं.

आमच्यात एक जुनी म्हण होती की कॉमिक्समध्ये कुणीही कायमचं मरत नाही, अपवाद तिघांचा: कॅप्टन अमेरिकाचा बकी, बॅटमनचा दुसरा रॉबिन जेसन टॉड आणि स्पायडरमॅनचे अंकल बेन. २००५ या एकाच वर्षात त्यातले दोघे उठून बसले. बकीचं परतणं इतकं नीट विणलेलं होतं की कुरकुर करणारेही गप्प झाले. जेसनबद्दल मी आजही दोन मनांत आहे. १९८८ साली त्याचं मरण वाचकांनी फोनवरून मतं देऊन ठरवलं होतं. पन्नास सेंटचा एक फोन, ‘मरू दे’साठी एक क्रमांक आणि ‘जगू दे’साठी दुसरा. ५,३४३ विरुद्ध ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. चित्रकार जिम अपारोनं दोन्ही निकालांची पानं काढून ठेवली होती. त्या बहात्तर मतांमुळे बॅटमन पुढची सतरा वर्षं गुहेतल्या काचेच्या पेटीतला तो गणवेश बघत राहिला, आणि त्याच्याबरोबर आम्हीही. जेसन परत आला तो कसा, तर म्हणे दुसऱ्या एका विश्वातल्या माथेफिरू सुपरबॉयनं वास्तवाच्या भिंतीवर बुक्के मारले आणि त्या हादऱ्यांनी तो थडग्यात जागा झाला. हे स्पष्टीकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून मोठ्यानं हसले होते. रिकाम्या पाकिटाच्याही लायकीचं नाही ते. तरीही ‘रेड हूड’ या नावानं मुखवटा चढवून परतलेला जेसन जेव्हा बॅटमनला विचारतो की माझ्या खुन्याला तू जिवंत का ठेवलंस, तेव्हा त्या प्रश्नाला मागची सतरा वर्षं जोर देतात. पुढच्याच महिन्यात परत आला असता तर विचारण्यासारखं काय होतं?

म्हणून ‘परत येतो तो’ हे वाक्य मला तोकडं वाटतं. कधी परत येतो? तोवर कोण कोण मोठं झालं? कुणी वाचणं सोडलं? नायक काही म्हातारे होत नाहीत. दोन अंकांच्या मधला काळ आमच्या खात्यावर पडतो.

या मधल्या काळाशी सगळ्यात मजेदार खेळ झाला १९८४ साली, आणि तोही मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीच्या कृपेनं. मार्व्हलच्या ‘सीक्रेट वॉर्स’ या मालिकेचं नाव पोरांना आवडणारे शब्द पाहून ठरवलं गेलं, हे तिचे लेखक जिम शूटर स्वतःच सांगत. पण युक्ती बघा. एका महिन्यात सगळे नायक कुठल्याशा दूरच्या ग्रहावर खेचले गेले, आणि पुढच्याच महिन्यात आपापल्या मालिकांमध्ये परतसुद्धा आले, बदलून. स्पायडरमॅन काळ्या पोशाखात. फँटास्टिक फोरमध्ये थिंगच्या जागी शी-हल्क. तिकडे काय घडलं ते मात्र वर्षभर हप्त्याहप्त्यानं सांगायचं. काळा पोशाख ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या २५२व्या अंकात दिसला, त्याच महिन्याची तारीख ‘सीक्रेट वॉर्स’च्या पहिल्या अंकावर आहे, आणि तो पोशाख त्याला मिळाला कसा, ते कळलं आठव्या अंकात. त्याच्या एक महिना आधीच फँटास्टिक फोरमधल्या शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्सनं तपासून सांगितलंही होतं की बाबा रे, हे कापड नाही, हा जिवंत प्राणी आहे. म्हणजे वाचकाला आजार आधी कळला आणि लागण नंतर. आज कुणीही हे वाचनक्रमाच्या यादीनुसार वाचतं, आठवा अंक आधी आणि बाकीचं नंतर, सगळं सरळ रेषेत. नीटनेटकं, आणि माझ्या मते बेचव. ती उलटी चाल म्हणजेच तर मजा होती. त्या सात महिन्यांत पोरांनी त्या पोशाखाबद्दल काय काय तर्क केले असतील! आणि ते बहुतेक छापून आलेल्यापेक्षा सरस असणार.

२०१५ च्या ‘सीक्रेट वॉर्स’मध्ये हीच गत पुन्हा झाली, फक्त या वेळी ठरवून नव्हे. लेखक जोनाथन हिकमन आणि चित्रकार एसाद रिबिचची ती मालिका आठ अंकांची होती, नऊची झाली, लांबली, आणि जानेवारी २०१६ मध्ये संपली. तोपर्यंत ऑक्टोबरपासून नव्या मालिका सुरू होऊन गेल्या होत्या. विश्व वाचणार का, हा प्रश्न शेवटच्या अंकापर्यंत ताणून धरलेला आणि शेजारच्याच फळीवर वाचलेल्या विश्वाचे ताजे अंक. आम्ही तेव्हा फार शिव्या घातल्या. पण नववा अंक हातात आला तेव्हा लक्षात आलं की विश्व वाचलं हे माहीत असल्यानं काहीच बिघडलं नव्हतं. रीड आणि त्याचा जुना वैरी डूम समोरासमोर उभे राहून एकमेकांना खरं बोलतात, तेवढ्यासाठीच तर आम्ही थांबलो होतो.

आता एक खासगी आवड. क्रायसिसच्या वेळी डीसीच्या बाकीच्या मालिकांना फर्मान गेलं की आपापल्या अंकात या महासंकटाची दखल घ्या. काही लेखकांनी मनापासून घेतली. काहींनी एवढंच केलं की एखाद्या चौकटीत आभाळ लाल रंगवलं, पात्रांनी वर पाहून ‘हे काय?’ म्हटलं आणि आपली गोष्ट पुढे चालू. फॅन मंडळी अशा टाय-इनला आजही ‘रेड स्काय’ म्हणून हिणवतात. मुखपृष्ठावर इव्हेंटचं नाव, आत काही नाही, पैसे पाण्यात. मला हे अंक अतोनात आवडतात. जुन्या स्वस्त कागदावरचा तो लाल रंग एकसारखा बसलेला नसतो. ठिपके ठिपके दिसतात, कडेनं पिवळसर-तपकिरी झालेल्या पानावर तो विटकरी वाटतो, आणि त्या आभाळाखाली कुणीतरी आपल्या किरकोळ चोराच्या मागे लागलेलं असतं, किंवा बायकोशी भांडत असतं. वर विश्वं संपताहेत. खाली हप्ता थकलाय. मोठे इव्हेंट हे कधी दाखवत नाहीत, कारण त्यांना सगळ्यांना एका पटांगणात उभं करून किंचाळायला लावायचं असतं. त्या फर्मानाला वैतागलेल्या एखाद्या लेखकानं कंटाळून काढलेलं लाल आभाळ मला त्या पटांगणातल्या दुपानी चित्रापेक्षा खरं वाटतं. (दुपानी चित्र पेरेझचं असेल तर मात्र मी माझे शब्द मागे घेते.)

पेरेझचं नाव निघालं की टोळक्यातले सगळे जरा हळू बोलतात. एका पानावर शंभर माणसं काढावीत आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा असावा, हे त्यांचंच काम. १९८३ साली त्यांनी जस्टिस लीग आणि ॲव्हेंजर्स यांच्या भेटीचं कॉमिक काढायला घेतलं, एकवीस पानं झाली आणि दोन प्रकाशकांच्या भांडणात सगळं बारगळलं. दोघांचं पुन्हा जमायला वीस वर्षं लागली. २००३ मध्ये लेखक कर्ट बुसिएकच्या साथीनं ते अखेर झालं, आणि तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर पेरेझनी दोन्ही संघांचे आजवरचे सगळे सदस्य एकत्र उभे केले. ते मुखपृष्ठ एका नजरेत बघताच येत नाही. बोट ठेवून वाचावं लागतं. नंतर हक्कांच्या गुंत्यात ते पुस्तक पुन्हा मिळेनासं झालं. २०२१ च्या शेवटी पेरेझनी स्वतःच जाहीर केलं की कर्करोग आहे आणि त्यावर शस्त्रक्रिया होण्यासारखी नाही. मग दोन्ही प्रतिस्पर्धी कंपन्यांनी परवानगी दिली आणि २०२२ मध्ये हीरो इनिशिएटिव्ह या संस्थेनं त्या पुस्तकाच्या फक्त ७,००० प्रती काढल्या. त्याच वर्षी ६ मे रोजी पेरेझ गेले. सुपरगर्लला हातांवर घेतलेला सुपरमॅन त्यांनी काढला होता, आणि बॅरीचा सुकत जाणारा चेहराही. त्यांनी मारलेली दोघंही आज दर महिन्याला हिंडताहेत.

बॅरीच्या परतण्यानं वॉलीचे वाचक दुखावले, हे ओघानंच आलं. २०११ च्या ‘फ्लॅशपॉइंट’नंतर तर डीसीनं सगळी पाटी पुसून बावन्न मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या आणि त्यात आमचा वॉली गायबच झाला. मेला असता तर परवडलं असतं, शोक तरी करता आला असता. तो कधी नव्हताच! मग २०१६ च्या ‘रीबर्थ’ विशेषांकात तो वेगाच्या त्या विजेत अडकलेला सापडतो. एकेकाला हाका मारतो, कुणालाच तो आठवत नाही, बायकोलाही नाही, आणि प्रत्येक हाकेगणिक तो थोडा थोडा विरघळतो. शेवटी निरोप घ्यायला बॅरीकडे येतो. तेवढा निरोप घेऊन जाणारच, एवढ्यात बॅरी त्याचं नाव घेतो. हात धरून त्याला बाहेर ओढतो, आणि दोघं एकमेकांना मिठी मारून रडतात. मी पण. मला ठाऊक होतं की हे एका कंपनीनं आपलं धोरण चुकल्याची दिलेली कबुली आहे, खप घसरला म्हणून केलेली डागडुजी आहे. ठाऊक असून काही उपयोग झाला नाही. पण हेच पान मी नुकतंच वाचायला लागलेल्या एका मित्राला दाखवलं, तर तो विनम्रपणे म्हणाला, “छान काढलंय.” बरोबर आहे. त्याच्यापाशी ती वर्षं नव्हती. ती उसनी देता येत नाहीत, आणि माझी तरी कुठे सगळी माझी आहेत? निम्मी मी जुने अंक उशिरा वाचून गोळा केलीत.

इव्हेंटचं कौतुक मी करतेय खरी, पण वैताग कमी नाही. ‘यानंतर काहीच पूर्वीसारखं राहणार नाही’ ही आरोळी दर उन्हाळ्यात ऐकून कान किटलेत. मागच्या पानावरची टाय-इन अंकांची यादी पाहून छातीत धस्स होतं. आवडत्या लहानशा मालिकेचं छान बस्तान बसलेलं असतं, आणि मध्येच दोन महिने तिची गोष्ट मोडून कुठल्यातरी आक्रमणाला जुंपली जाते. परत येईतो तिचा श्वास गेलेला असतो, आणि मग ती बंद पडते. या मरणावर कुणी काळी पट्टी बांधत नाही. २००६ च्या ‘सिव्हिल वॉर’चे अंक रखडले तेव्हा त्याच्यापायी इतर मालिकाही लटकल्या होत्या. तरी त्या दिवसांतल्या गप्पा आठवल्या की वाटतं, तेवढी चुरस नंतर क्वचितच आली. स्पायडरमॅननं पत्रकारांसमोर मुखवटा काढला, त्या दुसऱ्या अंकानंतर जो भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा: तू कुणाच्या बाजूचा? नायकांनी सरकारदरबारी नावं नोंदवावीत की नाही, यावरूनच ते युद्ध होतं. नोंदणीच्या बाजूनं मी एकटीच होते. अजूनही आहे. नोंदणीला विरोध करणाऱ्या कॅप्टन अमेरिकावाल्यांनी तेव्हा माझ्याशी बोलणंच टाकलं होतं.

सध्या काय वाचतेय, तर तेही सांगायला हवं. गरीब, थोराड आणि आई जिवंत असलेला ‘ॲब्सोल्यूट बॅटमन’ सगळे वाचतात तसा मीही वाचते. डेनिझ कॅम्प आणि हाविएर रॉड्रिगेझचा ‘ॲब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर’ दोनदा वाचते, एकदा गोष्टीसाठी आणि एकदा नुसत्या रंगांसाठी. बॅटमन-डेडपूलची दोन कंपन्यांतली भेट एका हसण्यापुरती बरी होती. पण खरा जीव अडकला तो हिकमन आणि मार्को केकेट्टो यांच्या ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’मध्ये. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या या मालिकेत पीटर पस्तिशीच्या आसपासचा, लग्न झालेला, दोन पोरांचा बाप. त्याला कोळी चावतो तो या वयात. आणि गोष्टीतला काळ आमच्या काळाबरोबर चालतो. एक अंक म्हणजे एक महिना. आमचा डिसेंबर तो त्यांचा डिसेंबर. त्या अख्ख्या विश्वालाच दोन वर्षांची मुदत घातलेली, कारण दोन वर्षांनी मेकर हा खलनायक त्याच्या कोंडलेल्या शहरातून बाहेर पडणार. साठ वर्षं आम्ही एकटेच म्हातारे होत होतो. इथे पात्रंही बरोबरीनं चालली, पोरं उंच झाली, आणि एखाद्या महिन्याच्या अंकात पीटर दिसलाच नाही तर त्याचा तो महिना खरोखरच हुकला, आमच्यासारखाच.

‘अल्टिमेट’ विश्वाची ही सगळी शाखाच २०२६ मध्ये संपवायची, हे प्रकाशकांनी आधीच जाहीर करून टाकलं. टोळक्यात त्यावरून दोन तट पडले. एक तट म्हणतो, एवढं चाललेलं दुकान कुणी बंद करतं का, हा वेडेपणा आहे. मी दुसऱ्या तटात. ठरलेल्या मुदतीत संपणारी गोष्ट आमच्या नशिबी येते तरी कधी? ज्यांना ती पुढे नंतर सलग वाचायची असेल त्यांनी खुशाल वाचावी. मी मात्र त्यांना दोन अंकांच्या मध्ये निदान काही दिवस तरी थांबायला सांगणार आहे, आणि ते ऐकणार नाहीत. आणि पाचसात वर्षांनी कुणीतरी हे विश्व पुन्हा उघडायचं ठरवलंच, तर आपल्याला काय काय बोलायचंय त्याची मी आत्तापासून तयारी ठेवली आहे: लाज वाटायला हवी यांना, संपलं होतं ते किती नीट संपलं होतं, आणि पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ कोण काढतंय?